दोघांत एक कागद

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय: सोबत बसून चित्र काढता काढता एखाद्या माणसाची ओळख वाढवणं. पत्रं बरीच आली. त्यातली निम्मी ‘मला चित्र काढता येत नाही, चालेल का?’ एवढंच विचारणारी होती. त्यांना इथेच सांगून टाकतो: चालेल, उलट सोयीचं आहे. खाली दिलेले बहुतेक प्रकार असे निवडले आहेत की त्यांत कुणालाच चांगलं काढता येऊ नये.

प्रश्न : आमचा साखरपुडा झालाय, लग्न फेब्रुवारीत आहे. दर रविवारी भेटतो. तो अबोल, मी बडबडी. हॉल, केटरर, ऑफिस हे विषय अर्ध्या तासात संपतात आणि मग दोघंही मोबाइल काढून बसतो. एकत्र चित्रं काढून बघा असं बहीण म्हणाली. पण नक्की काय काढायचं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : एकमेकांचे चेहरे, तेही कागदाकडे न बघता. चित्रकलेच्या वर्गात याला ब्लाइंड काँटूर म्हणतात. किमोन निकोलाइडीस या अमेरिकन चित्रकलाशिक्षकांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या शिकवण्यात या सरावावर फार भर दिला होता. सामान म्हणाल तर ए-फोर आकाराचे सहा-सात पाठकोरे कागद, खाली धरायला परीक्षेचं पॅड आणि दोन बॉलपेनं. पेन्सिल नको, कारण पेन्सिल हातात आली की माणूस आधी खोडरबर शोधतो.

समोरासमोर बसा, मध्ये दोन-अडीच फुटांचं अंतर. तीन मिनिटांचा गजर लावा. कानाच्या पाळीपासून सुरुवात करा आणि नजर चेहऱ्याच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकू द्या. नजर जिथे असेल तिथेच पेन आहे असं समजून हातही तेवढाच सावकाश चालवा. पेन उचलायचं नाही, खाली बघायचं नाही. डोळा गालावर येईल, ओठ हनुवटीखाली जातील. तसंच व्हायला हवं.

हे दोन ठिकाणी फसतं. एक म्हणजे, चाळीस सेकंदांत ‘झालं!’ म्हणून पेन खाली ठेवलं जातं. याचा अर्थ समोरचा चेहरा काढलाच नाही. डोक्यात आधीपासून तयार असलेला छापील चेहरा काढला: वर अंडं, त्यात दोन बदाम, मध्ये सरळ नाक. मग पुन्हा सुरू करा, या वेळी फक्त एक भुवई आणि तिच्याखालचा डोळा, तीन मिनिटं. दुसरं, चोरून कागदाकडे बघणं. केकच्या कागदी डिशच्या मधोमध भोक पाडून त्यातून पेन घाला आणि डिशखाली हात ठेवून काढा. बघायची सोयच उरत नाही.

एरवी कुणाच्या चेहऱ्याकडे तीन मिनिटं टक लावून बघितलं तर दोघंही अवघडतात. इथे तेच काम दिलेलं असतं, म्हणून अवघडलेपण जातं. बघण्याच्या कार्यक्रमात जेवढं बघून होत नाही तेवढं इथे होतं! गजर वाजल्यावर एकच नियम पाळा: चित्राबद्दल नाही, चेहऱ्याबद्दल बोला. ‘माझं नाक एवढं मोठं आहे?’ इथून गप्पा सुरू झाल्या तर त्या नाकापाशीच संपतात. त्याऐवजी दोघांनी आधी लक्षात न आलेली एकेक गोष्ट सांगायची. भुवईत खाच आहे, एका बाजूलाच खळी पडते, चष्म्याचा वळ आहे. ‘ही खाच कशाची?’ असं विचारलं की बहुतेक वेळा सायकल, जिना किंवा भाऊ यांपैकी एकाची गोष्ट निघते. अबोल माणसाला हा प्रकार मानवतो, कारण त्यात गप्प राहायची मुभा आहे. तीन मिनिटं गप्प बसण्याची परीक्षा खरं तर तुमची आहे.

पुढच्या रविवारी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या आवारात जा. आठव्या शतकातली, एकाच खडकात खोदलेली लेणी. पुढे गोल छपराचा नंदीमंडप. सकाळी लवकर गेलात तर सावलीही मिळते आणि गर्दीही कमी असते. दोघांनी शेजारी-शेजारी बसून तोच मंडप काढायचा, मांडीवर वही ठेवून, वीस मिनिटं. गोल छप्पर बाजूनं बघताना चपटं दिसतं. बहुतेकांच्या कागदावर ते भाकरीसारखं गोल येतं आणि मंडप पडतोय असं वाटायला लागतं. हात लांब करून डोळ्यासमोर धरलेल्या पेननं छपराची रुंदी आणि जाडी आधी ताडून घ्या, मग काढा. वेळ संपली की वह्या बदला आणि दुसऱ्यानं काय गाळलंय ते बघा. एकानं प्रत्येक खांब मोजून काढलेला असतो; दुसऱ्यानं खांब दोन रेघांत उरकून सावलीत झोपलेलं कुत्रं रंगवलेलं असतं. इतकी वर्षं तो माणूस एखाद्या जागी गेल्यावर कुठे बघत आला असेल, याचा अंदाज तिथून येतो.

तिसऱ्या रविवारी पुढच्या घराचा नकाशा. दोघांनी आपापल्या कागदावर, एकमेकांना न दाखवता: स्वयंपाकघर, सकाळी सात वाजता मी कुठे असेन, आई-वडील आले तर कुठे झोपतील, माझं दार लावून बसायचं ठिकाण कोणतं. पंधरा मिनिटांत दोन्ही कागद शेजारी ठेवा. ‘आपल्याकडे कोण किती दिवस राहायला येणार’ हा प्रश्न तोंडानं विचारला की भांडणाचा वास येतो, नकाशात तो एका पलंगाच्या जागेवरून निघतो. ओट्यासाठी एक हिशोब लक्षात ठेवा: कोपर वाकवून उभं राहिल्यावर कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीतून साधारण दहा सेंटिमीटर वजा करायचे, तेवढी उंची बऱ्याच जणांना सोयीची पडते. मोजायचं मात्र कुणाचं कोपर, यावर दोघांचं एकमत होतंय का ते लग्नाआधीच बघून घ्या.

दोघांपैकी एक आर्किटेक्ट असेल किंवा एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळवलेला असेल तर चेहऱ्याच्या खेळात दोघांनीही डाव्या हातानं काढा. डावखुऱ्यांनी उजव्या.

प्रश्न : माझ्या आजी ८३ वर्षांच्या आहेत. त्यांचं माहेर नारायण पेठेतला वाडा. तो पाडून इमारत झाली. जुन्या आठवणी विचारल्या की ‘काय सांगायचं, होतं सगळं’ एवढंच म्हणतात. रेकॉर्डर ठेवला की तेवढंही बोलत नाहीत. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : रेकॉर्डर ठेवून द्या, वाडा काढायला बसा. ए-थ्री आकाराचा कागद घ्या, नाहीतर ए-फोरचे दोन कागद मागून चिकटपट्टीनं जोडा. एचबी पेन्सिल, आणि या वेळी खोडरबरही हवा. कारण वाडा तीन-चार वेळा हलणार आहे.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आधी बाहेरची चौकट आखणं. चौकट झाली की आत खोल्या कोंबाव्या लागतात, शेवटी न्हाणीघराला जागा उरत नाही आणि आजी ‘असं नव्हतं’ म्हणून कागद बाजूला सारतात. कागदाच्या खालच्या कडेपासून चार बोटं वर दिंडी दरवाजा काढा, बाकी सगळं कोरं ठेवा आणि विचारा, ‘आत पाऊल टाकलं की उजव्या हाताला काय?’ मग डाव्या हाताला. मग पुढे. घर असं चालत चालत काढायचं. ‘बालपण कसं होतं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, ‘जिना कोणत्या बाजूनं चढायचा?’ याला असतं.

मापासाठी फूट विचारू नका, खण विचारा. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. वाड्यात वाढलेली माणसं खोल्या खणांतच मोजतात. माजघर किती खणी, ओसरी किती खणी. कागदावर एका खणाला दोन सेंटिमीटर धरलेत तर बहुतेक वाडा ए-थ्रीत बसतो. मग चौक, हौद, तुळशीवृंदावन, माळा, कोनाडे, परसदार. प्रत्येक ठिकाणी एकच छोटा प्रश्न: इथे काय ठेवलेलं असायचं?

पेन्सिल त्यांच्या हातात असू द्या. हात थरथरत असेल तर पेन्सिलीवर रबराची नळी किंवा कापडी चिंधी गुंडाळून पकड जाड करा आणि कागद चारही कोपऱ्यांवर टेबलाला चिकटवा, म्हणजे दुसऱ्या हातानं तो धरावा लागत नाही. तरी जमत नसेल तर त्यांनी बोटानं दाखवायचं, तुम्ही काढायचं. मुद्दाम थोडं चुकीचं काढलंत तरी हरकत नाही. ‘अगं, तो दरवाजा आत उघडायचा’ हे वाक्य वीस प्रश्नांइतकं कामाचं असतं.

नकाशा उभा राहिला की वाटीत राजमा आणि मसूर आणा. मोठ्या माणसाला राजमा, पोराला मसूर. रात्री कोण कुठे निजायचं तिथे दाणे ठेवायला सांगा. मग सकाळी, मग दुपारी, मग गणपतीत. दाणे हलवता येतात म्हणून आजी ते सहज हलवतात. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव हलवायला जीव कचरतो. एका खोलीत अकरा मसूर आणि एक राजमा दिसला की तो राजमा कोण, हे विचारावं लागत नाही, त्याच सांगायला लागतात. दाणे उचलण्याआधी दर वेळी वरून फोटो काढून ठेवा.

नारायण पेठ नदीकाठची, म्हणजे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर या कागदावर कधी ना कधी येणार. तो विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढलाच तर निळी पेन्सिल पुढे करा आणि पाणी कुठवर आलं होतं ती रेघ त्यांनाच मारू द्या. कुठली पायरी, कुठला कोनाडा. तिथे त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. चहा ठेवा. कागद दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

आणखी एक सावधगिरी. घरातलं कुणीतरी मागून येऊन ‘तिथे कोठीची खोली नव्हतीच’ म्हणतंच. त्यांना दुसरा कागद द्या आणि वेगळं बसवा. आजींचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा वाडा जुळत नाही तेव्हा कुणाचा बरोबर हे ठरवायला जाऊ नका. भावाला माजघराचा कोपरा न कोपरा आठवतो की फक्त गच्ची आठवते, यातच त्या घरात मुलगा आणि मुलगी कुठे वावरत होते ते दिसतं. शेवटी कागदाच्या मागे तारीख आणि दोघांची नावं पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं लिहिलं तर पुढच्या बाजूला उमटतं.

प्रश्न : अमेरिकेतून नातू महिनाभर आलाय, वय नऊ. मराठी समजतं पण बोलत नाही. माझं इंग्रजी बेताचं. चित्र काढायला बसवलं तर ‘आय कान्ट ड्रॉ’ म्हणून उठतो. (एक आजोबा, सहकारनगर)

उत्तर : नऊ-दहाच्या आसपास बऱ्याच मुलांचं असं होतं. आपण काढलेला घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे त्यांना कळायला लागतं आणि ती हात आखडता घेतात. म्हणून ‘घोडा काढ’ म्हणू नका. रेघोट्यांचा खेळ खेळा. डोनल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांशी पहिल्या भेटीत बोलायला हाच खेळ वापरत. १९६८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही.

ए-फोर कागद मधोमध फाडून दोन करा, असे दहा-बारा तुकडे जवळ ठेवा. तुमचं पेन निळं, त्याचं काळं, म्हणजे कोणती रेघ कुणाची ते नंतरही कळतं. तुम्ही डोळे मिटून चार-पाच सेकंदांत एक वेडीवाकडी रेघ ओढायची. त्यानं कागद हवा तसा फिरवून त्यात काहीतरी शोधायचं आणि ते पुरं करायचं. मग त्यानं रेघ ओढायची, तुम्ही पुरं करायचं. एकदा तो, एकदा तुम्ही, हे महत्त्वाचं. आजोबा नुसतं शाबासकी देत बसले की खेळाची शाळा होते. रेघ एक-दोन वळणांची असू द्या. गिरगटा केला तर त्यात सगळंच दिसतं आणि काहीच धरता येत नाही. सरळ रेघ ओढली तर तिचा साप नाहीतर रस्ताच होतो.

मराठी इथून आपोआप येते. ‘ही चोच का शेपूट?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, वाक्य जुळवावं लागत नाही. त्यानं इंग्रजीत सांगितलं तर दुरुस्त करू नका, तुमच्या पाळीला तुम्ही मराठीत सांगा. पहिल्या दोन-तीन कागदांवर साप, ढग, भूत हे ठरलेलं येतं. सहाव्या-सातव्यापासून त्याचं स्वतःचं काही यायला लागतं: कुत्रा, शाळेची बस, विमानातली खिडकी. म्हणून दोन कागदांवर कंटाळून थांबू नका, आणि दहाच्या पुढे ताणूही नका.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर चित्रं काढतो, पण गेला आठवडाभर सगळं काळ्या रंगानं. घराला खिडक्याही नाहीत. त्याच्या मनात काय चाललंय हे चित्रावरून कळेल का? (एक आई, वडगाव शेरी)

उत्तर : खडूंचा डबा उघडून बघा. काळा खडू सगळ्यांत लांब आणि न मोडलेला असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे.

चित्रातल्या खुणांवरून स्वभाव ओळखण्याची हौस जुनी आहे. मोठे डोळे म्हणजे संशयी, वगैरे. १९६७ मध्ये लोरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं माणसांची चित्रं आणि मनाच्या तक्रारी यांच्या जोड्या मुद्दाम कशाही लावून विद्यार्थ्यांना दाखवल्या. त्यांत काही संबंध नव्हताच, तरी विद्यार्थ्यांना तो ‘दिसला’. आणि अनुभवी तज्ज्ञ जे संबंध सांगत तेच दिसले. म्हणजे डोळे आणि संशय ही जोडी चित्रात नव्हती, बघणाऱ्याच्या डोक्यात होती. त्यामुळे खिडक्या मोजू नका.

कळतं ते काढताना चाललेल्या बोलण्यातून. ‘हे काय काढलंयस?’ विचारलं की मूल परीक्षेला बसल्यासारखं एका शब्दात उत्तर देतं. ‘मला याच्याबद्दल सांग ना’ म्हणा, किंवा ‘या घरात आत्ता कोण आहे?’ आणि तुमचा हात थांबवू नका, आपलं चित्र काढत राहा. रोखून बघणारी आई समोर असली की गोष्ट आटते. बाकी, झोप बिघडली, जेवण तुटलं, शाळेत जायला रोज रडतोय असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते कारण पुरेसं आहे, खडूचा रंग नाही.

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या नव्या टीममध्ये बारा जण आहेत. ओळख वाढावी म्हणून अर्ध्या तासाचा चित्रांचा खेळ सुचवा. (एक टीम लीड, बाणेर)

उत्तर : घडीचा कागद. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या सर्रिअलिस्ट चित्रकार-कवींनी हा गाजवला. तिघातिघांचे चार गट करा, प्रत्येकाला एक कागद, आडव्या दोन घड्या, म्हणजे तीन भाग. वरच्या भागात प्रत्येकानं डोकं काढायचं, मानेच्या दोन रेघा घडीच्या खाली अर्धा सेंटिमीटर ओढायच्या, घडी मागे दुमडून कागद उजवीकडे द्यायचा. मग धड, मग पाय, आणि शेवटी कागद उघडायचा. दर भागाला चार मिनिटं. रेघा खाली ओढायला विसरलं की धड भलतीकडे लागतं, इथेच निम्मे कागद बिघडतात, म्हणून ‘रेघा ओढल्या का?’ हे मोठ्यानं विचारूनच कागद हलवा. बक्षीस नको, भिंतीवर लावणं नको. आणि तुम्हीही कुठल्यातरी गटात बसा. लीड फिरत बघत राहिला की सगळेजण नीटनेटकं काढायला लागतात आणि खेळ संपतो.

प्रश्न : लग्न होऊन चार महिने झाले. सासूबाई रोज रांगोळी काढतात, सुंदर काढतात. मला येत नाही. त्यांच्याशी बोलणं ‘चहा घेता का’च्या पुढे जात नाही. मी मध्ये पडले तर त्यांना आवडेल का, कळत नाही. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : ‘मला शिकवा’ म्हणू नका, ‘ठिपके मी देऊ का?’ म्हणा. शिकवणं म्हणजे त्यांच्या डोक्याला एक काम वाढलं. ठिपके देणं म्हणजे त्यांचं कमी झालं. दोघींच्या वाटण्या त्यामुळे स्पष्ट राहतात: तुम्ही ठिपके, त्या रेघा.

आधी एकट्यानं पाटावर सराव करा. ‘७ ते ४’ घ्या: मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके. हे जमलं की ‘१३ ते ७’, त्यात १२७ होतात आणि इंचभर अंतरानं दिले तर फूटभर रांगोळी बसते. प्रत्येक ओळीचा पहिला ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध यायला हवा. नवख्यांचं चुकतं ते इथेच: ठिपके एकाखाली एक येतात, तिरक्या रेषा जुळत नाहीत आणि कमळाची एक पाकळी जाडी होते. मधल्या ओळीपासून सुरू करून वर-खाली गेलात तर चूक साठत जात नाही. अंतर मोजायला डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट जोडून ठेवा.

भोकांचा ठिपके-कागद तुळशीबागेत मिळतो, पण पहिले पंधरा दिवस तो नको. कागदानं ठिपके बरोबर येतील, सासूबाईंना तुम्हाला काही सांगायचं कारण उरणार नाही.

फरशी पांढरी असेल तर आधी गेरूचा हात द्या. तो पूर्ण वाळल्याशिवाय रांगोळी सोडू नका, ओलीवर तिच्या गुठळ्या होतात आणि रेघ तुटते. पूड चिमटीत थोडीच घ्या. मूठभर घेतली की बोटांमधून ओघळते. आणि रेघ चुकली तर हातानं पुसू नका, पांढरा फराटा उमटतो. त्या काय करतात ते बघा: बहुतेकजणी चुकलेल्या जागी एक जादा पान काढून मोकळ्या होतात. पंखा आधी बंद करा.